नाव कमी करणे

महापेला, पाचव्या मजल्यावर, रात्री दहा ते सात
मला पगार मिळतो राणीला भिंतीवर आपटायचा.
डोक्याने, खांद्याने, उडी मारून, बसून सरकत.
कुठल्या खांबातून ती आरपार जाते,
कुठे फरशीतून निसटून
खालच्या करड्या रिकामपणात पडतच राहते,
ते शोधायचं, तिकीट लिहायचं,
पुन्हा पहिल्या पायरीपासून.

हात्शेप्सुत. पोरं तिला हातशेठ म्हणतात.
मी पहिल्याच आठवड्यात नाव सोडवून पाहिलं:
हात आहे, शेप आहे, शेवटी सुत.
म्हणजे मुलगाच.
बापाच्या गादीवर बसायला तिने दाढी लावली,
वेणीसारखी, कानामागून पट्टीने बांधलेली.
तिकीट २०९: मान वळवली की दाढी जागेवरच राहते,
हवेत, हनुवटीची वाट बघत.
ते दोन दिवसांत दुरुस्त झालं.
दाढीचं सगळं लगेच दुरुस्त होतं.

चाळीस सेकंद कुणी बटण दाबलं नाही
तर ती आपणहून हात वर नेते, दाढी सारखी करते
आणि नदीकडे बघते.
हे कुणी केलंय विचारायला हवं. छान केलंय.

तिसऱ्या टप्प्यात जहाजं येतात पुंत देशाहून,
धुपाची झाडं मुळांसकट टोपल्यांत.
मग दगडफोडे.
खिडकीबाहेर पारसिकचा डोंगर, खाणीने अर्धा खाल्लेला;
लहानपणी दुपारचा सुरुंग उडाला
की घणसोलीत आमच्या मांडणीवरची ताटं थरथरायची.
म्हणून ते मलाच खटकलं असेल.
तिकीट ३६०: छिन्नीला आवाज नाही.

तिकीट ४१७ दोनदा बंद झालं.
राणीच्या डोक्यावर नाव यायचं तिथे
चार रिकामे चौकोन येतात.
अनूप कुरियन, आमचा लीड, भला माणूस, म्हणाला,
राहू दे. तिचं नाव मागाहून खरंच खोडलं होतं भिंतींवरून.
खेळणाऱ्याला वाटेल, मुद्दाम ठेवलंय.
मी म्हटलं, पण मुद्दाम नाहीये.
तो म्हणाला, कोणाला कळणारेय.

जयेंद्रचा फोन आला रात्री दोनला, माझ्या जेवणाच्या सुट्टीत.
कुणाच्या तरी हळदीवरून परतलेला, आवाज बसलेला.
मंगळवारी अकराला ठाण्यात ये, दुय्यम निबंधकाकडे.
आधारकार्ड आण, दोन फोटो.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड आहे, बिल्डर किती थांबेल.
"फक्त तुझं नाव कमी करायचंय, ताई."
जसं कालवणात मीठ.
"तुला काय कमी पडू देईन का मी?"

नाही देणार. तो तसा नाही.
आईला डायलिसिसला आठवड्यातून दोनदा तोच नेतो,
माझी तेव्हा झोप असते.

ठकूआत्याने अठ्ठ्याऐंशी साली अंगठा दिला.
तिला जांभळी साडी आली, काठाला जर.
अजून पत्र्याच्या पेटीत आहे, घडी न मोडलेली.
विचारलं तर म्हणते, रंग जाईल तिचा.

सातबाऱ्यावर नाव कमी होतं तेव्हा खोडत नाहीत.
कंस करतात.
आत्याचं नाव मी वाचलंय कंसात, अगदी स्वच्छ.
राणीच्या देशात राजाच्या नावाभोवती
लांबट दोरीचं कडं काढायचे, नाव सुखरूप राहावं म्हणून.
जुन्या उताऱ्याची झेरॉक्स आणि आमची संदर्भचित्रं
एका टेबलावर ठेवली
तर लांबून मला फरक सांगता आला नाही.

साडेपाचला मी बटणांवरची बोटं काढून घेतली.
माझा सगळा वेळ मोजला जातो, तरी.
राणी देवळाच्या पायरीवर उभी, डोक्यावर चार चौकोन.
चाळीस सेकंद.
दाढी सारखी केली, नदीकडे बघितलं.
आणखी चाळीस.

तिकीट ४१७ पुन्हा उघडलं.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: मुद्दाम नाहीये.
जयेंद्रला लिहिलं: बघते.