उजाड वस्तीचा तास

पश्चिमेकडून ढग येतात समुद्राचं ओझं घेऊन
आणि पलीकडच्या उतारावरच रिते होतात.
तिथं फ्योर्डकाठचे लोक छत्र्यांना शिव्या देतात.
इकडे, डोंगराच्या पाठीशी, आमच्या खोऱ्यात
उतरतो नुसता वारा, मोकळ्या हातांनी,
आणि जूनमध्येच गवत पायाखाली कुरकुरतं.
माथ्यावर हिमनदी, खाली दुष्काळ:
परक्याला सांगितलं तर हसतो.

म्हणून पाट.
पाइनचे ओंडके पोखरून, एकाला एक जोडून,
कड्याच्या कुशीत दगडाच्या टेकूवर ठेवून
हिमनदीच्या तोंडापासून बार्लीच्या मुळापर्यंत
पाणी चालवत आणलेलं.
कुणी सुरू केलं, ठाऊक नाही.
आमच्याकडच्या सर्वांत जुन्या कागदातही भांडण आहे ते
पाट फोडल्याचं.
काढल्याचं कुठंच नाही.

ओलाउग आजीकडे पाळ्यांची वही आहे.
नूरहुस: पहाटे दोन ते सहा.
बाक्केन: सहा ते साडेनऊ, रविवार सोडून.
रविवारी तेवढा वेळ पाणी पाळकाच्या बटाट्यांना.
आणि दर वर्षीच्या पानावर, शाई बदलली, हात बदलला, तरी
एक ओळ जशीच्या तशी उतरवलेली:
ओय्गार, रात्री अकरा ते बारा.

ओय्गारमध्ये कुणी राहत नाही.
काळ्या मरीच्या साली तिथली चूल विझली
ती पावणेसातशे वर्षं विझलेलीच.
चार कोनशिळा आहेत, मधोमध एक बर्च,
आणि एक उंबरठा, ज्यावर मेंढ्या अंग घासतात.
तरी तो तास कुणी आपल्या नावावर चढवला नाही.
अकरा वाजता, उन्हाळ्याच्या न मिटणाऱ्या उजेडात,
फळी सरकवायची आणि पाणी सोडून द्यायचं
त्या बर्चला, त्या रानगवताला,
म्हणजे कुणालाच.

सत्तेचाळीस साली, बार्ली वीतभर असतानाच पिवळी पडली तेव्हा,
आजीच्या वडिलांनी तो तास चोरला.
लाकडी फावड्यानं ओंजळी ओंजळी पाणी
वाफ्यांवर भिरकावत राहिले तासभर,
आणि नऊ वर्षांची आजी फळीवर बसून पहारा देत होती.
पहाटे फावडं पाटावर राहिलं.
सकाळी ते दाराशी उभं होतं,
कुणीतरी धुऊन, पुसून, कोरडं करून ठेवलेलं.
कोण, ते कधी कळलं नाही. कुणी काही बोललंही नाही.
त्यानंतर एकवीस उन्हाळे
ओय्गारची फळी तेच जाऊन उघडत.

मी दर ऑगस्टला वर खिंडीत जाते, बर्फाच्या कडेकडेनं.
बर्फ मागे सरकतो आणि एकेक वस्तू ठेवून जातो:
रेनडियरवर सोडलेला, चुकलेला बाण.
घोड्याची लीद, अजून वास असलेली.
एका हाताचा मोजा.
गेल्या वर्षी एक फावडं मिळालं, पातं चिरलेलं.
प्रयोगशाळा म्हणाली, मरीच्या आधीचं, थोडंच आधीचं.
पाण्याचं फावडं घेऊन खिंड कोण ओलांडतं?
पलीकडे तर पाऊसच पाऊस.

फोटो आजीला दाखवला.
तिनं चष्मा काढला, पुन्हा लावला,
पात्याच्या झिजलेल्या कडेवर बोट ठेवलं.
“डावरा होता,” म्हणाली,
आणि कॉफी ओतायला उठली.

आता पाट नाहीत. काळे प्लास्टिकचे नळ, फिरणारे फवारे.
पाणी मुबलक आहे सध्या;
आजीच्या मते, घरातली भांडी विकून जेवणाऱ्या घरात
असतं तसं मुबलक.
वही फडताळात आहे, नव्या पानाशिवाय.

फक्त रात्री अकराला ती स्वेटर चढवून बाहेर जाते,
पंपाचं बटण बंद करते
आणि बाराला पुन्हा सुरू करते.
विचारलं तर सांगते,
मोटार तापते.