चेंबर

सावद्याला, केळीच्या वखारींच्या मागे,
रायपनिंग चेंबरमध्ये मी हिशेब लिहिते. नऊ वर्षं झाली.
हिरवी फणी आत जाते, चौथ्या दिवशी पिवळी बाहेर.
गॅस नव्हता तेव्हा म्हणे
एक पिकलेलं केळं ठेवून द्यायचे पेटीत,
बाकीची आपोआप.

फैजपूरच्या होस्टेलात तू आलीस, यामिनी,
तेव्हा तुला आवडता रंगसुद्धा धड सांगता येत नव्हता.
मी सांगितला. मोरपंखी.
मीच सांगितलं, त्या कुंदा नारखेडेशी बोलू नकोस,
तुझ्यामागे तुझ्या दातांवर हसते.
कुंदा हसली नव्हती.
तू रात्रभर उशीत तोंड खुपसून रडलीस
आणि मी पाठीवरून हात फिरवत राहिले.
इतकी गाढ झोप मला पुन्हा लागली नाही.

मग तू हसताना तोंडावर हात धरू लागलीस.
घरचा डबा आधी माझ्यापुढे सरकवायचीस,
कळण्याच्या भाकरीचा पहिला तुकडा माझा,
भरीत तिखट झालंय का, तेही मी सांगायचं.

धुळ्याच्या शाळेचं पत्र आलं तुझं.
एप्रिलअखेर, पंचेचाळीस अंश,
रस्त्यावर कुत्रं नाही, फक्त पोस्टमन आणि मी.
चहाच्या वाफेवर उघडलं, वाचलं, जपून ठेवलं.
फाडलं नाही, हे लक्षात घे.
तू म्हणालीस, माझ्यात काही नाहीच वं.
मी म्हणाले, मी आहे ना.

आज आलीस. अकरा वर्षांनी.
मोरपंखी नाही, कुठलासा मातकट रंग,
आणि हसलीस ती सगळे दात दाखवून.
"जळगावला दवाखान्यात कुंदा भेटली," म्हणालीस.
"खूप बोललो."
पुढे काही नाही.
माझ्या केसांतला चाप सरळ केलास,
अगदी मी तुझा करायचे तसा,
अंगठ्यानं कपाळ जरासं दाबून.
"आत दाखव ना वं, कसं पिकवतात ते."

आत सोळा अंश. एकच दिवा.
ह्या दाराची कडी बाहेरूनच लागते,
हे मी तुला सांगितलं होतं का, आठवत नाही.
तू उंबऱ्यातच थांबलीस.
"तू हो पुढे. तुला थंडी बाधते, शाल आणते."

मागे काहीतरी वाजलं. पंखा असेल.

शाल गाडीत असणार, गाडी फाटकाबाहेर,
फाटक तसं लांब आहे.
वास गोड होत चाललाय.
तीनशे बारा क्रेट.
परत मोजते.