सहावं बोट

ओस्लोत, चौथ्या मजल्यावर
पेर्ला अंग चोरून सोफ्याखाली शिरते.
बशीतला उकडलेला कॉड निवत चाललाय.

पंजाला सहा बोटं.
मान मागे वळते ती थेट पाठीला टेकते.
कान मिटतात, माती जाऊ नये म्हणून.

हे सगळं एका कड्यासाठी :
वेरॉय बेटावरची अरुंद बिळं,
आत पफिन पक्षी,
बाहेर टोर्डिसचा आजा, ओलं पोतं घेऊन.

मग जाळी आली. नंतर बंदी.
गाव बोटीत बसून निघून गेलं.
बोटांना कुणी कळवलं नाही.

पेर्ला मागल्या मागे सरकत बाहेर येते.
तोंडात लोकरीचा मोजा,
दात न लावता धरलेला;
पक्षी जिवंतच आणायचा असतो.

टोर्डिस तो घेते, धूळ झटकते,
आणि पायातला दुसरा काढून
सोफ्याखाली
आणखी आत सारते.