दोन सूत

सहा वाजता संगीता सीपीआरमधून येते.
आज आली नाही. वॉर्डात कुणाचं तरी जास्त झालं असणार.
साडेसहाला कस्तुरी पाटावर बसली,
माझ्याकडे पाठ, हातात कंगवा,
जणू सलूनमध्ये नंबर लागलाय.

'वेणी घालता येते का तुम्हाला?'
एरवी मी 'तू'. गिऱ्हाईक झाली की 'तुम्ही'.
'येते की बाईसाहेब.
उद्यमनगरात विचारा कुणालाही.'

येत नव्हती, खरं तर.
पहिल्या दिवशी जी जमली तिला शाळेत
म्हशीची शेपटी म्हणाले.
घरी येऊन तिनं नुसतं सांगितलं,
गुळाचा खडा गालात धरून,
'पण म्हशीची चांगली असते पप्पा. माश्या हाकलता येतात.'

मग जेवणाच्या सुट्टीत
कॉटन वेस्टचे तीन पेड काढले,
बाकावरच्या व्हाइसमध्ये गच्च आवळले.
उजवा मधे. डावा मधे. उजवा मधे.
लेथ गार पडलेले, डबे उघडलेले,
'काय लगा, दावं वळतोयस?'
'बैल घेतलास आणि सांगितलं न्हाईस!'
हसा म्हटलं.
केसभर फरकाला जॉब भंगारात टाकणारा मी,
केसांना हरतोय होय?

बाबू मिस्त्री तेवढे हसले नाहीत.
अर्धी भाकरी डब्यात ठेवून जवळ आले,
चष्मा कपाळावर सरकवला.
'परत कर. सावकाश कर जरा.'
त्यांची मुलगी पुण्याला असते. तिला दोन पोरं आहेत.

'नेम धरताय का?' कस्तुरी विचारते.
भांग पाडताना माझा एक डोळा मिटतो, सवयीनं.
'सरळ नको का यायला?
ग्राउंडवरच्या मधल्या रेघेसारखा.'
'ती रेघ पण वाकडी असते.'
खरंय. माझ्या खांद्यावर बसून
तिनं ती माझ्यापेक्षा वरनं बघितलीय.

डोकं हलवू नको म्हणतो
तेव्हा ती नाक चाचपत असते.

काल संध्याकाळी, संगीता ड्युटीला गेल्यावर,
गल्लीत दोन चपलांचा गोल.
गोलकीपर ती, फॉरवर्ड मी,
पंच मी, समालोचन मी,
भोंगा वाजवणारं पब्लिकही मीच.
तीन बॉल अलगद तिच्या हातात.
चौथा तिनं परत दिलाच नाही.
'मुद्दाम मारतोस हातात.'
'न्हाई गं.'
'मारतोस. खरं मार.'

खरं मारलं.
म्हणजे अर्धं खरं.

नाकावर बसला.
वरच्या गॅलरीतनं घोरपडे काकू
धुणं तसंच ठेवून ओरडल्या,
'अहो, पोरीच्या जातीशी असं खेळतात व्हय?'
मी पळालो, एक पाय अनवाणी,
चप्पल गोलपोस्टात अडकलेली.
ती खाली बसलेली, बोटावरचं रक्त निरखत,
बॉल पोटाशी.
'अडवला,' म्हणाली.
मग रडली.

रात्री बर्फ लावला, हळद लावली.
'मम्मीला कोण सांगणार?' यावर
छापा काटा झाला. नाणं फ्रीजखाली गेलं.
अजून तिथंच आहे.

आता रिबिनीची दुसरी गाठ मारतोय
आणि जिन्यात संगीताच्या चपला वाजतात,
रात्रभर उभ्या राहिलेल्या माणसाच्या.
कस्तुरी माझ्याकडे बघते. मी तिच्याकडे.
नाक सुजून बटाटेवड्यासारखं झालंय.

दार उघडतं.
कस्तुरी पाटावरच गर्रकन फिरते,
भिंतीकडे तोंड, दाराकडे पाठ,
दोन्ही वेण्या दोन्ही हातांत धरून बाजूला ताणलेल्या,
'बघ मम्मी, पप्पानं घातल्या!'

संगीता पर्स खुंटीला लावते.
बघते. मला वाटतं, आपल्यालाच बघतेय.
'उजवी जाड झालीय.'

'दोन सूत,'
कस्तुरी भिंतीला सांगते.