जूनपर्यंत

ग्रिम्सबीत मार्च म्हणजे नुसता वारा.
विल्फ्रेड शेडचं दार खांद्यानं ढकलतो,
जुन्या जर्सीत गुंडाळलेल्या कुंड्या
एकेक करून उजेडात मांडतो.
काटक्या. सगळ्या काटक्या.

चाळीस वर्षं गोदीवर मासे साफ केलेला अंगठा
नखानं साल जराशी खरवडतो.
खाली हिरवं दिसलं तर म्हणतो, "हं."
तपकिरी दिसलं तरी, "हं."

"जूनपर्यंत उपटायचं नाही,"
कुंपणापलीकडून तीनदा बजावलं मला.
पाणी बेताचं. मुळांत अळ्या शोधायच्या.
शेंडे खुडायचे, हात कचरला तरी.

मी एप्रिलातच माझं फ्यूशिया
खताच्या ढिगावर भिरकावलं.
त्याला बोलले नाही.

आणि जुलैत, बटाट्याच्या सालींतून,
अंड्यांच्या टरफलांतून
वर आलेली ही फांदी:
लाल बाह्या, जांभळा परकर,
खाली डोकं करून लटकलेली चार फुलं,
शेजारी टपोरी, बंद कळी.

विल्फ्रेड कुंपणावर कोपर टेकून
बराच वेळ बघतो.
ढिगाबद्दल अवाक्षर नाही.

मग इकडेतिकडे पाहतो,
ती कळी चिमटीत धरतो,
आणि शाळकरी पोरासारखी
पट्‌कन फोडतो.