पी. पी. नंबर

वडगावातल्या आमच्या गल्लीत फोन एकच होता,
बाबांच्या दुकानात, तेलाच्या डब्याशेजारी.
पुण्याला, सुरतेला कामाला गेलेल्यांच्या खिशातल्या डायरीत
बावीस घरं, नंबर तोच.

पलीकडच्याला वाटायचं, आपण घरीच फोन लावलाय.
मधली बोळ, गटारावरची हलती फरशी,
मागांच्या खडखडाटात तीनदा मारलेली हाक
त्याला दिसायची नाही.
दिसू नये, हेच माझं काम.
मी नऊ वर्षांची होते.

रिसीव्हर उचलायचा. कोण, कुणाला, काय, एवढंच ऐकायचं.
मग तो काउंटरवर आडवा ठेवायचा. जागेवर नाही, आडवा.
भैरूनं एकदा जागेवर ठेवला आणि मार खाल्ला.
मग पळायचं,
आणि ईरव्वाच्या दारात पोचेपर्यंत मराठीचं कानडी करायचं:
"अव्वा, फोन बंदैत्री, महांतेशंदु."

कधी तिचा धागा तुटलेला असायचा,
कधी हात पिठात.
आम्ही दोघी धापा टाकत येईतो
रिसीव्हरात नुसतं टूंऽऽ.

एकदा तो म्हणाला, घाईत आहे, निरोप तेवढा दे:
दोनशे पाठवलेत.
मी पळाले. "इन्नूर कळश्यान, अव्वा."
परत आले तर लाइन कट.
"सांगितलं" हा शब्द माझ्या तोंडातच राहिला.
त्याला कसं कळावं, वाटेत निरोप सांडला
की उत्तर?
त्यानं पुन्हा लावला. मी शाळेत.
भैरूनं उचलला, भैरू पळाला, भैरूनंही सांगितलं.
इन्नूर आणि इन्नूर, नानूर.
ईरव्वानं सूतवाल्याला चारशेचा शब्द दिला.

मनीऑर्डर दोनशेचीच आली.
भांडली नाही ती. कागद काउंटरवर ठेवला,
वाच म्हणाली. परत वाच म्हणाली.
बाबांनी गल्ल्यातून दोनशे काढले,
आणि दुसऱ्या दिवशी फोनच्या खिळ्याला सुतळीनं वही टांगली:
नाव, वेळ, निरोप, दिला का.

आता टिळकवाडीत, पतसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर
माझा सर्व्हर रात्रभर पोर्टला कान लावून असतो.
चिकोडी हाक मारते, खानापूर, निपाणी,
जमा कर, शिल्लक सांग,
जणू मी त्यांच्याच टेबलाच्या खणात बसलेय.
आलेली बाइटांची पुरचुंडी सोडायची,
नाव तक्त्यात शोधायचं, ज्याचं काम त्याच्या हातात द्यायचं.
थ्रेड सोळा. सतराव्यानं रांगेत थांबायचं.
काम धरण्याआधी बघायचं, पलीकडचा अजून उभा आहे का.
आणि प्रत्येक हाकेला क्रमांक.
तो वहीत आधीच असेल तर पैसे पुन्हा जमा होत नाहीत,
मागचंच उत्तर निघतं, कुरकुर न करता.

सोमनिंग नवा आहे. म्हणतो, "मॅडम, एवढं कशाला?
नेट बरं हाय की आता."
मी त्याला ईरव्वा सांगत नाही.
टेस्ट लिहायला लावते:
काम झालं, उत्तर हरवलं, हाक पुन्हा आली.

खरं एक गोष्ट कुठेच बसत नाही.
महांतेश गावी परतला तेव्हा केस पिकले होते.
दुकानात चहा पिताना म्हणाला,
तू रिसीव्हर आडवा ठेवायचीस ना,
त्यातून गल्लीतले माग ऐकू यायचे.
माग सुरतेतही होते, खरं हे निराळे.
मीटर पळत असायचा, आणि वाटायचं,
आई आणखी दोन मिनिटं
आली नाही तर बरं.

टाइमआउट मी तीस सेकंदांचाच ठेवलाय.