राहिलं

आजगावकरांनी प्रुफं पाठवलीत
मिठाईच्या दुकानाच्या कापडी पिशवीत.
लाल शाई. वय ऐंशीच्या पुढे,
अक्षर अजून फळ्यावरचं.
पान सतरा : 'स्त्रीबीज' एक शब्द, तोडू नये.
पान एकतीस : हिशेब जुळत नाही.
आधी बारा इंजेक्शनं आणलीत म्हणता,
पुढे टोचलेली अकराच भरतात.

बारावं मी फोडलं होतं, आजगावकर.
रात्री नऊला, ओट्यापाशी,
फ्रिजमधून दह्याच्या भांड्यामागून काढताना
निसटलं.
साडेतीन हजार रुपये फरशीवर,
चहाचा चमचाभरही नसतील.
फडक्यानं टिपले, काचा कागदात बांधल्या,
श्रीरंगला म्हटलं, घेतलं.
आणि त्या वेळी नाही राहिलं
तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, कारण सांगता येत नाही,
मी मान हलवली.

हे मी पुस्तकात लिहिलंच नव्हतं.
तुम्ही वजाबाकी केलीत फक्त.

माहीमला साडी फॉल-पिकोचं दुकान,
त्याच्यावर दुसऱ्या मजल्यावर दवाखाना.
खालच्या मशिनची घरघर बाकड्यातून मांडीत चढायची.
आम्ही एकमेकींची तोंडं बघायचो नाही,
फायली बघायचो.
हिरवी म्हणजे नवी. पिवळी म्हणजे
हिला काही विचारू नका.
वसईची सिस्टर सेलीन सगळ्यांना नंबरानं हाक मारी,
मला मात्र एकदा म्हणाली, आज जेवून आलीस का गो?
ते वाक्य मी चार ठिकाणी घातलंय.
तीन ठिकाणी आजगावकरांनी काट मारली : पुनरुक्ती.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, प्रत चांगली आहे.
दोन 'अ', एक 'ब'.
परवा कुमुदताईंचा फोन, प्रती किती काढूया?
मी जरा वेळ बोललेच नाही.
त्या म्हणाल्या, पाचशे बघू.
आणि मग, हळूच,
शेवटी होतं ना गं? म्हणजे, वाचणाऱ्याला
काहीतरी हातात लागतं.
मी म्हटलं, दोनशे बारा पानं लागतात.

श्रीरंगनं एकच मागितलं,
त्या खोलीतलं कॅलेंडर नको लिहूस.
ती खोली, ती कडी, झाकणाची डबी,
सगळं लिही, पण कॅलेंडर नको.
नाही लिहिलं.
इथे लिहितेय, इथे तो बघत नाही.
कॅलेंडर एका बँकेचं होतं. फेब्रुवारी.
तो बाहेर आला तेव्हा त्याला
त्यातल्या सगळ्या सुट्ट्या पाठ होत्या.

मावशी दर महिन्याला विचारायची, राहिलं?
तेवढंच. कोण, काय, कुठे, काही नाही.
आपल्या भाषेत लागतही नाही.
दूध राहिलं, गॅसवरचं राहिलं,
सांगायचं राहिलं,
छत्री कुणाकडे राहिली,
आणि ते, राहिलं की नाही राहिलं.
मी एकाच क्रियापदावर
अख्खं प्रकरण लिहिलं
आणि कुमुदताईंनी ते वगळलं,
व्याकरण वाटतं म्हणून.

दर एप्रिलला चिठ्ठी येते.
उणे एकशे शहाण्णव अंशांवर
एक 'ब' अजून आहे.
पुढील वर्षासाठी चालू ठेवणार? हो / नाही.
खाली रक्कम, त्यावर जीएसटी.
आम्ही दोघं ती चिठ्ठी
लाइटच्या बिलाखाली सरकवतो.
मग शेवटच्या तारखेला
कुणीतरी पैसे भरलेले असतात.
कोणी, ते आम्ही बोलत नाही.

पान पाचवर लाल शाईत प्रश्न आहे :
अर्पणपत्रिका राहिली?

पेन्सिल हातात घेऊन बसलेय.
खाली पाण्याचा टँकर आलाय, वॉचमन ओरडतोय,
टाकीचं झाकण उघडा.
आजगावकर, तुम्हाला तरी काय माहीत
तुम्ही काय विचारलंत.

बाजूला लिहिलं :
पान कोरं जाऊ द्या.
पण आकड्यात धरा.

आणि पान एकतीसवर :
बरोबर आहे तुमचं. एक कमी भरतं.
दुरुस्ती सोबत जोडतेय.
पिशवी धुऊन पाठवते.